खालची ओळ कोणाची

शाबामामा, त्या रविवारी तुम्ही आला नाहीत तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आज स्वारी दुसरीकडे गेली. काळजी वगैरे काही वाटली नाही. दुपारी दोनला तुमच्या वाटणीचं जेवण झाकून ठेवताना मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, मिळालं असेल कोणीतरी माझ्यापेक्षा चांगलं वाजवणारं. सोमवारी सकाळी शाळेत पहिला तास चालू असताना मामींचा फोन आला. व्हरांड्यात उभी राहून मी तो ऐकला, परत वर्गात गेले आणि फळ्यावर अर्धं राहिलेलं समीकरण पूर्ण केलं. मुलांना काहीच कळलं नाही. दुसरा तास संपेपर्यंत मलाही नीटसं कळलं नव्हतं.

मग रडू आलं. तेव्हाही मी आधी तपासून पाहिलं, की हे तुमच्यासाठी आहे की व्हायोलिनवरची सोळा बारांची चाल अकराव्या बारवर राहिली म्हणून आहे. अजून ठरलेलं नाही. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक होता. अठरा वर्षं गणित शिकवते आहे, शेजारच्याचं बघून लिहिलेलं उत्तर ओळखण्यात निम्मं आयुष्य गेलं. दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर मी गप्प बसते. दोघांची चूक एकसारखी आली की दोघांना उभं करते. तुम्हाला मी चार वर्षं असंच उभं केलं होतं, मनातल्या मनात.

पेपरात तुमचा फोटो आला. खाली मुरगावच्या गोदीतली नोकरी आली, लाटंबार्सेचं घर आलं, मागे कोण कोण आहे ते आलं. वाद्याबद्दल अक्षर नव्हतं. ते मामींनी मुद्दाम घातलं नाही की घालायचं सुचलं नाही, यावरही मी एक दिवस घालवला.

आपली ओळख म्हापशाची. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मी गजाला नवे केस बांधून घ्यायला गेले होते आणि तुम्ही टेंपोतून तुमचं रबेकांव घेऊन आलात. आडवं घातलेलं, वर फुलाफुलांची चादर, इस्पितळात पेशंट आणावा तसं. मी व्हायोलिन वाजवणारी, पण ते एवढं जवळून पाहिलं नव्हतं. व्हायोलिनचाच अवतार, माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं, आणि सूर फक्त खालचे, जाड, पोटातून आल्यासारखे. डिचोलीकडचा एक हिंदू माणूस, कपाळाला गंध, आणि चर्चच्या गायनात वाजतं ते वाद्य ह्याच्याकडे कसं, हा माझा पहिला संशय. तुम्ही म्हणालात, गोदीत शिकलो. एवढंच.

दुरुस्ती झाल्यावर तुम्ही ते तिथेच उभं केलंत आणि चार सूर वाजवलेत. दो, ला, रे, सोल, एकेका बारला एक सूर. प्रत्येक सूर चार मात्रांचा. मग मला म्हणालात, ह्याच्यावर काहीतरी घाल. मी म्हटलं, मी लिहिलेलं वाजवते, घालत वगैरे नाही. तुम्ही ऐकून घेतलंच नाही, ते चार सूर पुन्हा सुरू केलेत. दुकानदार बघत होता. मी लाजेकाजेस्तव गज उचलला आणि तुमचेच सूर वरच्या सप्तकात वाजवले. तुम्ही थांबलात.

"तूं म्हज्या फाटल्यान चलता," तुम्ही म्हणालात, माझ्या मागून चालतेस. "तुजी वाट तूं धर."

तीस वर्षं व्हायोलिन हातात होतं, मामा. बाबांनी दर शनिवारी म्हापशाला शिकायला पाठवलं, परीक्षा झाल्या, सर्टिफिकेटं कपाटात आहेत. पण माझा स्वतःचा असा एक सूर मी कधी काढला नव्हता आणि काढायचा असतो हे कोणी सांगितलंही नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत. ह्याबद्दलचे आभार मी इथेच मानून घेते, कारण पुढे मी चिडणार आहे.

मग चार वर्षं दर रविवारी. अकराच्या बसने तुम्ही पेडण्याला उतरायचात. रबेकांव बसमध्ये चढत नाही, म्हणून खालचे सूर घरी वाजवून मोबाइलवर भरून आणायचात. हातात कापडी पिशवी, तिच्यात तो नारळाएवढा स्पीकर आणि घडी घातलेला कागद. आधी बेकरीतले गरम उंडे आणि सुकी भाजी, मग चहा, मग तुम्ही कागद उलगडायचात. त्यावर आठ बारांची खालची ओळ. ती दिलेली, तिला हात लावायचा नाही. वरची चाल मी करायची.

नियम तुम्ही थोडेच सांगितलेत, पण पक्के. खालचा सूर उतरायला लागला की वरच्याने चढायचं. दोघांनी एका पायरीवर एकदम पाय ठेवायचा नाही. आठ बार झाले की सोळा करायचे, आणि वाढवणं म्हणजे तेच पुन्हा वाजवणं नव्हे. शेवटच्या बारमधला एखादा तुकडा उचलायचा, एक पायरी वर ठेवून बघायचा, नाहीतर उलटा करायचा. खालची ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, पण वरच्या चालीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ती त्या सांध्यावरून सरळ पुढे गेली पाहिजे. पहिल्या वर्षी माझी प्रत्येक चाल त्या सांध्यावर अडखळून पडायची. तुम्ही हसायचात आणि स्पीकर बंद करून मासळीचा भाव विचारायचात.

आता संशयाकडे येते.

मी केलेली चाल तुम्ही माझ्याकडे ठेवू द्यायचा नाहीत. घरी वाजवून बघतो म्हणून कागद घडी करून पिशवीत. पुढच्या रविवारी एक दुरुस्ती घेऊन यायचात. एकच, कधी दोन बारांची, कधी चार सुरांची. ती इतकी नेमकी असायची की मला राग यायचा. जो माणूस आयुष्यभर खालचे लांब सूर वाजवत आला, त्याला वरचं असलं वळण सुचतं कुठून? मी एकदा म्हटलं, मग पूर्ण चाल तुम्हीच का करत नाही? तुम्ही चहात उंडा बुडवलात आणि म्हणालात, ते माझं काम नव्हे.

दुसरं म्हणजे ते थांबणं. दर दुसऱ्या बारच्या शेवटी तुमचा हट्ट, हांगा मात्तशें थांब. मी म्हणायची, मामा, गज थांबत नाही, व्हायोलिनला श्वास लागत नाही. त्यावर तुम्ही एकदा म्हणालात, ऐकणाऱ्याला लागतो. ते मला इतकं आवडलं की मी डायरीत लिहून ठेवलं. आता कळतं, ती पळवाट होती.

तिसरं, तो खोकला. एका रविवारच्या रेकॉर्डिंगमध्ये पाचव्या बारला कोणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला आणि तो तुमचा नव्हता, कारण त्याच वेळी तुम्ही मागून "रे" हा सूर हळूच म्हणत होता. कोण आहे म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, शेजारी. मी म्हटलं, मी लाटंबार्सेला येते एकदा, रबेकांवबरोबरच वाजवू. तुम्ही म्हणालात, वाट वायट आसा. चार वर्षं ती वाट वाईटच राहिली.

आणि मग ती वरात. आम्ही साखळीहून स्कूटरवरून परत येत होतो. डिचोलीच्या अलीकडे वरातीमुळे वाहनं थांबली होती. बँड दूर पुढे होता, ताशा आणि ट्रंपेटच्या गोंगाटात एक क्लॅरिनेट, आणि त्या क्लॅरिनेटवर माझे दोन बार. सहावा आणि सातवा. मी ह्यांना गाडी बंद करायला लावली. तोवर बँड सिनेमाच्या गाण्यावर गेला होता. ह्यांनी काही ऐकलं नव्हतं. पण मी माझा सहावा बार कुठेही ओळखीन, त्यात मी उघड्या तारेवरून तिसऱ्या तारेवर उडी मारते, ती उडी व्हायोलिनवाल्यालाच सुचते.

पुढच्या रविवारी मी चहा होईपर्यंतही थांबले नाही. तुम्ही माझी चाल कोणाला देता, असं सरळ विचारलं. तुम्ही म्हणालात, भास झाला असेल, वरातीत सगळं सारखंच ऐकू येतं. मी चिडले आणि जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हटलं, "खालचं काय, कोणीही वाजवील. वरचं माझं आहे." तुम्ही स्पीकर पिशवीत घातलात, चपला शोधल्यात आणि निघालात. उंडे तसेच राहिले.

दोन महिने तुम्ही आला नाहीत. मी फोन केला नाही, तुम्हीही केला नाहीत. मग एका रविवारी अकराच्या बसने उतरलात, सोप्यावर बसलात, कागद उलगडलात. झाल्या गोष्टीचा शब्द तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही. माफी मागायची राहिली. पण मामा, मी खोटं ऐकलं नव्हतं, म्हणून मागितली नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी त्या सहाव्या बारची चाल वाजवली, खालून तुमचं रेकॉर्डिंग लावून. कार्यक्रमाच्या कागदावर रचना म्हणून माझं एकटीचं नाव होतं. लोकांना पाचवा आणि सहावा बार आवडला. दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई पाण्याच्या टाकीजवळ पाचवा बार गुणगुणत होता. पाचवा बार तुम्ही आणलेली दुरुस्ती होती. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात, जेवायला न थांबता बस पकडलीत. मला वाटलं, नाव नाही म्हणून रुसले.

बाराव्याला मी पहिल्यांदा लाटंबार्सेला आले. रस्ता अख्खा डांबरी, गुळगुळीत, पेडण्यात असा एक नाही.

अंगणातल्या मांडवात एक माणूस एकटाच बसला होता. पन्नाशीचा, रापलेला, मांडीवर काळी लांबट पेटी. माझ्या खांद्याला व्हायोलिनची पेटी. का आणली होती विचारू नका, तुमच्या घरी रिकाम्या हाताने यावंसं वाटेना. त्याने माझ्या पेटीकडे पाहिलं, मी त्याच्या. मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, डोळे सुजलेले, आणि अगदी सहज, दोन पाहुण्यांची गाठ घालून द्यावी तसं म्हणाल्या, "हो दत्ताराम, सुक्राराचो. आनी ही आयताराची."

शुक्रवारचा आणि रविवारची. मामींना वाटत होतं आम्ही एकमेकांबद्दल ऐकून आहोत.

दत्ताराम दोडामार्गचा. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता चिऱ्यांचा टिपर चालवतो आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. चुलत्याकडून ऐकून ऐकून शिकलेला, कागदावरचे सूर त्याला वाचता येत नाहीत. दर शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या घरी येऊन तुमच्या रबेकांवच्या खालच्या ओळीवर तो वरची चाल करत होता. सहा वर्षं, म्हणजे माझ्या आधीपासून. खोकतोही.

जेवणं झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि माझा सहावा बार त्याच्यापुढे वाजवला. त्याने पेटीवर बोटांनी ते सूर चाचपून पाहिले. मग म्हणाला, "ह्या तुमचा? माका तेव्हाच संशय इल्लो बाई. ह्या तारेवरल्या माणसाचा काम असा. माझो वाजवताना जीव जाता, दम घेवक जागाच नाय थंय."

मग त्याने पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि माझा पाचवा बार वाजवला. स्नेहसंमेलनातला, शिपायाच्या तोंडचा. तो म्हणाला, हा माझा, मामा म्हणायचे फार बरा जमलाय. बार संपल्यावर त्याने श्वास घेतला, नेमका तिथे, जिथे तुम्ही मला थांबायला लावायचात.

मी अंगणातल्या खुर्चीवर बसले. हिशेब सोपा होता, आठवीतल्या मुलाने केला असता. शुक्रवारी त्याला जे सुचायचं त्यातलं सर्वात चांगलं तुम्ही रविवारी मला आणून द्यायचात, दुरुस्ती म्हणून. रविवारी मला जे सुचायचं त्यातलं चांगलं पुढच्या शुक्रवारी त्याला. दोघांनाही वाटायचं, मामांना सुचलं. चार वर्षं मी माझी चोरी होते म्हणून पाळत ठेवली आणि माझ्या नावावर टाळ्या मिळाल्या त्या दत्तारामच्या श्वासाला. मी त्याला ते सांगितलं. शाळेचं, कागदावरच्या नावाचं, सगळं. तो म्हणाला, मीही तुमचं वरातीत वाजवलंय, आणि दोन लग्नांत लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. मग त्याने विचारलं, की सगळ्यात शेवटी दिलेली ओळ तुमच्याकडे कितपत झालीय. मी म्हटलं, अकरा बार, तुमच्याकडे? तो म्हणाला, तेरा. दाखवा म्हटलं तर म्हणाला, आधी तुम्ही दाखवा.

दाखवलं नाही कोणीच. एकदम वाजवू, असं ठरलं. मामी म्हणाल्या, वाजवा, घर फार गप्प झालंय.

मामा, ते कसं झालं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. दोन ठिकाणी आम्ही एकमेकांवर आदळलो, नवव्या बारला तर ऐकवत नव्हतं. पण बाकी ठिकाणी तो लांब सूर धरायचा तेव्हा माझी धावपळ असायची, आणि तो दम घ्यायला थांबायचा त्या जागेत मी होते. आम्ही पुन्हा वाजवलं, मग पुन्हा. नववा बार त्याने बदलला, मी दहावा बदलला. अकराच्या पुढचे बार मला तिथे उभ्या उभ्या सुचले. अर्धा तास गेला असेल. इतका आनंद मला व्हायोलिन हातात घेऊन कधी झाला नव्हता आणि तो बाराव्याच्या दिवशी, तुमच्या अंगणात झाला.

थांबलो तेव्हा मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी आत बोट दाखवलं. खोलीच्या कोपऱ्यात रबेकांव उभं होतं, तीच फुलाफुलांची चादर पांघरून. "आनी ताचें?" त्यांनी विचारलं, आणि त्याचं काय?

अर्धा तास आम्ही खालच्या ओळीशिवाय वाजवत होतो. तिचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर होतं, त्याच्याही. दोघांपैकी एकालाही ते लावायची आठवण झाली नव्हती.

निघताना मामींनीच विचारलं, "तुमी दोगांय हांगा. मागीर बुधवारचे ते वास्को कोणाकडेन वताले?" दर बुधवारी वास्कोला गोदीतल्या जुन्या माणसाकडे जातो, एवढं तुम्ही त्यांना सांगितलं होतं. नाव मिंगेल. मी दत्तारामकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. तिसरा कोणीतरी आहे, हा विचार दोघांच्या मनात एकाच वेळी आला. त्याचा चेहरा उतरला आणि माझाही उतरला असणार. त्याच दिवशी भेटलेली दोन माणसं आम्ही, आणि लगेच आमच्या वाट्यात तिसरा नको होता.

त्यानंतरच्या बुधवारी मी शाळेत रजा टाकली, त्याने टिपर दुसऱ्याला दिला. म्हापशाला भेटून आम्ही सरकारी बसने वास्कोला गेलो. बसमध्ये त्याने मला विचारलं, की हा तिसरा काय वाजवत असेल. मी म्हटलं, ट्रंपेट नसावं म्हणजे झालं.

मिंगेलबाब ऐंशीच्या पुढचे. बंदराच्या वरच्या अंगाला चढावर घर, खिडकीतून क्रेन दिसतात. पूर्वी ते क्रेन चालवायचे आणि तुम्ही त्यांचे मदतनीस होता, हे मला तिथे कळलं. रबेकांव त्यांचं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तुम्हाला शिकवलं, आणि बोटं वाकडी झाली तेव्हा तुमच्या हवाली केलं. आता ते काही वाजवत नाहीत. कानही गेलेत, वरचे सूर मुळीच ऐकू येत नाहीत. पण लिहितात. टेबलावर रेघा मारलेला कागद होता आणि त्यावर ते ओळखीचे, तिरके, मोठ्या डोक्याचे सूर. मी चार वर्षं ज्यांना तुमचं अक्षर समजत होते.

खालची ओळसुद्धा तुमची नव्हती, मामा. ती त्यांची होती. तुम्ही बुधवारी ती त्यांच्याकडून आणायचात, शुक्रवारी त्याला द्यायचात, रविवारी मला, आणि पुढच्या बुधवारी आमच्या दोघांच्या चाली कागदावर उतरवून त्यांना नेऊन दाखवायचात. दत्तारामला लिहिता येत नाही म्हणून त्याच्या तुम्ही ऐकून लिहिल्या होत्या. मिंगेलबाबांनी एक खोका काढला, त्यात चार वर्षांचे माझे निळ्या पेनातले कागद होते आणि सहा वर्षांचे त्याचे तुमच्या अक्षरातले. ऐकू येत नाही तरी ते कागद वाचून हसायचे, असं त्यांनीच सांगितलं. माझा तो सहावा बार त्यांनी बोटाने दाखवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी विचारलं, शाबामामांची स्वतःची चाल आहे का ह्यात कुठे. त्यांनी नाही म्हटलं. तरुणपणी तुम्ही खूप प्रयत्न केलात, म्हणाले, पण तुमची चाल नेहमी खालच्या ओळीच्याच मागून चालायची. शेवटी तुम्हीच म्हणालात, मला खालचं द्या, वरचं करणारी माणसं मी शोधतो.

तुम्ही गेलात हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. दोन बुधवार ते वाट बघत होते. आम्ही सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, दोनदा, ते फार वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी सांगितलं, की बाराव्याला आम्ही दोघं पहिल्यांदा भेटलो, दोन्ही चाली एकत्र वाजवल्या, आणि खालच्या ओळीशिवायसुद्धा किती छान जमलं. दत्तारामनेही मान डोलावली.

मिंगेलबाब माझ्याकडे वळले. "हेंच," ते म्हणाले. "हाकाच तो भियेतालो. तुमी दोगांय मेळ्ळ्यार आपली गरज उरची ना म्हूण."

ह्यालाच तो भ्यायचा. आम्ही दोघं भेटलो की आपली गरज उरणार नाही.

दत्ताराम उठून खिडकीशी गेला.

मी चार वर्षं तुमच्यावर किती तऱ्हेचे संशय घेतले. चोरीचा घेतला, लबाडीचा घेतला, रुसव्याचा घेतला. हा एक सुचला नाही. वाईट वाट, शेजाऱ्याचा खोकला, ऐकणाऱ्याचा श्वास, सगळं एवढ्याचसाठी. आणि तुमचं भय खोटं होतं असं मी म्हणू शकत नाही, कारण त्या अंगणात मी तुम्हाला अर्धा तास विसरले होते. तुम्ही जिवंतपणी मला विचारलं असतं, की आमची गाठ पडली तरी तुमची गरज उरेल का, तर मी लगेच हो म्हटलं असतं. तुम्ही त्यावर विश्वास ठेवला नसता, आणि ते बरोबर केलं असतं. तरी विचारायला हवं होतं. मला खोटं बोलायची एक संधी तरी द्यायला हवी होती. त्या खोट्यातून पुढे काहीतरी खरं निघालं असतं, असं मला आता वाटतं. दत्तारामला तसं वाटत नाही. तो म्हणतो, मामांनी केलं ते बरोबर केलं, नाहीतर आपण दोघंही आळशी झालो असतो. ह्यावरून आमचं तिथे उतरणीवरच वाजलं.

निघताना मिंगेलबाबांनी टेबलाच्या खणातून दोन कागद काढून दिले होते. तुम्ही न आलेल्या बुधवारची ओळ. आठ बार, दोन प्रती. आम्ही दोघं आहोत हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आम्हालाच एकमेकांचं नव्हतं. ही ओळ अजून कोणी वाजवलेली नाही, तिचं रेकॉर्डिंग कुठेही नाही.

परतीच्या बसला गर्दी होती. मला पुढे खिडकीजवळ जागा मिळाली, दत्ताराम मागच्या बाकावर बसला. मी कागद पर्सच्या आड धरून उलगडला. फा, रे, सोल, दो, आणि मग एक अशी उडी जी मिंगेलबाबांनी आधी कधी दिली नव्हती. तिसऱ्या बारपर्यंत मला वर काय घालायचं ते दिसायला लागलं. पण तोंडातून काढलं असतं तर मागच्याने ऐकलं असतं, आणि मी त्याला अजून एवढी ओळखत नाही. म्हणून मी वरचं मनातच ठेवलं आणि गुणगुणले फक्त खालचं. फा, चार मात्रा. रे, चार मात्रा. माझा आवाज तेवढ्या खाली पोचत नाही, घसा खरवडत होता. झुवारीच्या पुलावर बस हळू झाली, इंजिनाचा आवाज उतरला, तेव्हा मला मागून ऐकू आलं. दत्तारामही गुणगुणत होता. त्यालाही त्याचं वरचं मला कळू द्यायचं नव्हतं. तोही फक्त खालचंच म्हणत होता, जाड आवाजात, प्रत्येक सूर चार मात्रांचा. मी मागे वळून पाहिलं नाही. पूल संपेपर्यंत आम्ही दोघं तेवढंच म्हणत राहिलो.